मूठभर हॉप्स आणि दहा शेते

खुलताबाद तालुक्यात आल्याचे पीक बरेच घेतले जाते. काढणीच्या दिवसांत व्यापारी शेतावर येतो, तेव्हा तो आधी काय करतो ते पाहण्यासारखे असते. तो एक गड्डा उपटतो, माती झटकतो आणि कंद बोटांनी मोडतो. तुटलेल्या कडेचे तंतू बघतो, वास घेतो, एखादा तुकडा दाताखाली धरतो. मग थोडा वेळ काहीच बोलत नाही. शेजारी शेतकरी उभा असतो. एका गड्ड्यावरून एकराचा भाव ठरणार असतो आणि हे दोघांनाही ठाऊक असते.

याच तालुक्यातील एका शिक्षकांनी आम्हाला मागे एक प्रश्न विचारला होता. घरची शेती असलेले, सातवी-आठवीला गणित शिकवणारे हे गृहस्थ. ते म्हणाले, "सर, व्यापाऱ्याचं मी समजू शकतो. माल माझा आहे, भाव नाही पटला तर नाही द्यायचा. पण पीक कापणी प्रयोगाचं काय? साऱ्या महसूल मंडळात दहा ठिकाणी मका कापतात, त्याची सरासरी काढतात आणि तेवढ्यावर हजारो शेतकऱ्यांचा विमा ठरतो. दहा तुकड्यांवरून सगळं मंडळ कळतं का हो? आणि कळत असेल, तर किती कळतं?"

प्रश्न साधा नाही. त्यातला दुसरा भाग, 'किती कळते' हा, तर फारच मोलाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही मागे मागे गेलो आणि शेवटी पोहोचलो ते एका बिअरच्या कारखान्यात, हॉप्सच्या पोत्यांपाशी. ती हकिगत येथे सांगत आहोत.

प्रथम हॉप्स म्हणजे काय ते पाहू. हॉप्स हा भांगेच्या कुळातील एक वेल आहे. नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादी वेलाला हिरवट, कागदी पाकळ्यांची शंकूसारखी फुले येतात. पाकळी सोलली की तिच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड दिसते. या पुडीतच सारे सार असते. तिच्यात कडू राळ असते आणि सुवासिक तेलेही असतात. राळेतील काही आम्ले उकळताना आपली रचना बदलतात आणि पाण्यात उतरतात. बिअरचा कडूपणा तो त्यांचाच. तेले मात्र उडून जाणारी, म्हणून सुवासासाठीचे हॉप्स उकळीच्या अखेरीस किंवा नंतर घालतात. चहात आले आधी घालावे की शेवटी, हा घराघरांतला वाद आठवावा. तत्त्व पुष्कळसे तेच आहे.

या कडूपणाचे मूळ काम चव देण्याचे नव्हते, टिकवण्याचे होते. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठाधिकारी विदुषीने लिहून ठेवले आहे की, हॉप्सच्या कडूपणामुळे पेये लवकर नासत नाहीत. आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. ही आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंच्या पेशीपटलाचे काम बिघडवतात, त्यामुळे ते वाढू शकत नाहीत. यीस्टला मात्र त्यांचा त्रास होत नाही. आंबवण्याचे काम चालू राहते आणि नासवणारे बाहेर राहतात. १५१६ साली बव्हेरियात बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच वापरावे असा नियम झाला. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण आंबवणारा जीव कोणता याचा तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, तेही याचसाठी. विषुववृत्त दोनदा ओलांडून येणारे पिंप बंदरात उघडल्यावर आंबट निघाले, तर पैसे बुडाले.

येथे एक शंका कोणी विद्यार्थी विचारील: खुलताबाद घाटावर आहे, म्हैसमाळची हवा थंड, मग हॉप्स येथे का लावत नाहीत? अडचण थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीची आहे. उन्हाळ्यातील लांबलचक दिवसांत हा वेल पाच-सहा मीटर उंच चढतो आणि दिवस आखडू लागले की फुलावर येतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात जूनमधील दिवस सुमारे साडेसोळा तासांचा असतो. खुलताबाद २० उत्तर अक्षांशावर. येथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे. वेलाला वाटते आता दिवस लहानच आहेत, फुलावर येण्याची वेळ झाली. तो हातभर वाढतो न वाढतो तोच फुलू लागतो आणि शंकू थोडे धरतात. म्हणून हॉप्सची मोठी लागवड ३५ ते ५५ अंशांच्या पट्ट्यात. आपल्या देशात लाहौलच्या खोऱ्यात ती झाली, पण छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने असूनही त्यांच्या हॉप्सचा वेल मराठवाड्यात कोठे दिसणार नाही. पाणी मात्र येथलेच लागते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता, हे अनेकांना आठवत असेल.

आता पारखण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात हॉप्सची खरेदी आपल्या आल्याच्या व्यापाऱ्यासारखीच चाले. वाळवलेले शंकू उंच पोत्यांत दाबून भरत. पोत्याची कड उसवून आतून विटेसारखा एक तुकडा कापून काढीत आणि तो खरेदीदारापुढे ठेवीत. खरेदीदार त्यातले चार शंकू तळहातावर चोळी, हात नाकाशी नेई आणि भाव बोले. जुन्या पारख्यांची नाके तीक्ष्ण असत यात शंका नाही. पण नाकाला दोन मर्यादा असतात. एक म्हणजे ते थकते. दुसरे असे की, आज आलेला वास आणि गेल्या वर्षीचा वास यांची वजाबाकी नाकाला करता येत नाही.

डब्लिनच्या गिनेस कारखान्याला ही अडचण सर्वांत आधी टोचली, कारण त्यांची खरेदी प्रचंड होती. १७५९ साली आर्थर गिनेस याने जागा भाड्याने घेतली ती वर्षाला ४५ पौंडांवर, ९,००० वर्षांच्या कराराने. शंभर-सव्वाशे वर्षांत तेथे जगातील सर्वांत मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक उभा राहिला. एवढ्या मालाची निवड नाकावर सोडणे परवडणार नव्हते. १८९० च्या दशकात कारखान्याने ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञान पदवीधर नेमायला सुरुवात केली. त्यांतील टॉमस केस या तरुणाने असे मानले की, हॉप्सचे मोल त्यांतील मऊ राळेच्या प्रमाणावर ठरते. राळ मोजता येते. मग नाकाऐवजी तराजू वापरावा.

त्याने नमुने घेतले, राळ मोजली आणि एका वेगळ्याच कोड्यात सापडला. एकाच पिकातून घेतलेल्या नमुन्यांच्या दोन गटांच्या सरासऱ्या जुळेनात. फरक थोडाच होता, पण थोडा म्हणजे किती? आकडे आपण कल्पनेने घेऊ. समजा, एका गटाची सरासरी ८ टक्के आली आणि दुसऱ्याची साडेआठ. दुसऱ्या गटातील हॉप्स खरोखर सरस आहेत, की कोणते शंकू हाताला लागले याचा हा खेळ आहे? नमुने हजारभर असते तर गणित तयार होते. ते गाउसच्या काळापासून खगोलशास्त्रज्ञ वापरत होते. पण राळ काढण्याला वेळ आणि खर्च लागे, त्यामुळे नमुने दहा-पंधराच. दहा-पंधरा नमुन्यांचे गणित जगात कोणाकडेच धड नव्हते. केसला हे कोडे नीट मांडता आले, सोडवता आले नाही. आमच्या मते मांडणे हेही मोठेच काम होते.

१८९९ साली गिनेसमध्ये विल्यम सीली गॉसेट रुजू झाला. वय २३, ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायन शिकलेला. कारखान्यात गणित जाणणारा म्हणून सारे आकडे त्याच्या टेबलावर येऊ लागले: सातूचे, माल्टचे, हॉप्सचे, यीस्टच्या पेशींच्या मोजणीचे. १९०४ साली त्याने कारखान्यासाठी एक अहवाल लिहिला. त्याचा गाभा असा की, आपण मोजतो त्या प्रत्येक सरासरीला चूक चिकटलेली असते. ती किती हे सांगितल्याशिवाय सरासरी सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी तो लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांना भेटला आणि १९०६-०७ मध्ये त्यांच्याकडे राहून काम केले. पिअर्सन यांना लहान नमुन्यांत फारसा रस नव्हता. जीवशास्त्रात शेकडो मापे सहज मिळतात, तेथे मोठ्या नमुन्यांचे गणित पुरते. 'चारच मापे आहेत' ही अडचण कारखानदाराची आणि शेतकऱ्याची.

गॉसेटने ती कशी सोडवली हे वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. त्याला ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मापे छापलेली मिळाली. ती त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, तुकडे खूप पिसले, आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. प्रत्येक गट म्हणजे चार मापांचा एक लहान नमुना. साऱ्या तीन हजारांची खरी सरासरी त्याला माहीतच होती. मग चारांची सरासरी तिच्यापासून किती भरकटते हे ७५० वेळा पाहता आले. संगणकावर आज निमिषात होणारे हे काम त्याने हातांनी केले आणि आधी कागदावर काढलेले सूत्र त्याच्याशी ताडून पाहिले. सूत्र सांगत होते की, लहान नमुन्यातून मिळालेले विचलन स्वतःच अविश्वसनीय असते. म्हणून नमुना जितका लहान, तितकी चुकीची मर्यादा जुन्या गणितापेक्षा जास्त रुंद धरली पाहिजे. किती रुंद, याचे कोष्टक त्याने दिले.

हा निबंध १९०८ साली 'बायोमेट्रिका' या त्रैमासिकात आला. लेखकाचे नाव होते 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. कारखान्याला आपले संशोधन स्पर्धकांना कळू द्यायचे नव्हते, म्हणून टोपणनाव. निबंधातील उदाहरणे झोपेच्या औषधांची आणि गव्हाच्या प्रयोगांची आहेत. हॉप्सच्या पोत्यातून निघालेल्या या गणितात हॉप्स असे लपून राहिले. बरीच वर्षे त्या निबंधाकडे फारसे कोणी पाहिलेही नाही. पाहिले ते रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाने. त्याने सूत्राची काटेकोर सिद्धता दिली आणि १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात ही कसोटी शेतीच्या संशोधकांपुढे ठेवली. आज पदवीच्या वर्गात 'स्टुडंटची टी-कसोटी' शिकवतात ती हीच. किती विद्यार्थ्यांना हा विद्यार्थी बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता हे सांगितले जाते, कोण जाणे.

गॉसेटचे आणखी एक म्हणणे आम्हाला फार आवडते. खात्री किती हवी, याचे उत्तर एकच नाही. ते चूक झाल्यास किती नुकसान होणार यावर अवलंबून आहे, असे तो पिअर्सन यांना कळवत होता. हॉप्सच्या एका पोत्याची निवड चुकली आणि साऱ्या हंगामाची चुकली, या दोन चुका सारख्या तोलता येत नाहीत. पुढे 'पाच टक्के' ही संख्या पाठ्यपुस्तकांत जणू निसर्गनियमासारखी बसली. गॉसेटला ते पटले नसते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. पिअर्सन नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या विभागाचे दोन भाग होऊन एक फिशर यांच्याकडे आणि दुसरा पिअर्सन यांच्या मुलाकडे आला होता. सुखात्मे यांनी तेथे नमुना निवडीच्या सिद्धांतावर काम केले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. १९३८ मध्ये 'संख्या' या कलकत्त्याच्या नियतकालिकात त्यांनी एक निबंध लिहिला. दोन लहान गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे की नाही, आणि दोन्ही गटांतील चढउतार सारखे नसतील तर काय करायचे, हा त्याचा विषय. थोडे थांबून पाहिले तर हे केसच्या हॉप्सचेच कोडे, अधिक अवघड रूपात.

परत आल्यावर सुखात्मे १९४० साली दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत दाखल झाले. तेव्हा पिकाचा अंदाज आणेवारीने होई. गावचा अधिकारी शेताच्या बांधावर उभा राही, पिकावर नजर टाकी आणि सोळा आणे, बारा आणे, आठ आणे असे सांगे. हॉप्स तळहातावर चोळून भाव सांगण्याचाच हा प्रकार. त्यात अनुभव असे, पण चूक किती हे सांगण्याची सोय नसे. सारा माफ होणार की नाही, हे त्या आण्यांवर ठरे. सुखात्मे आणि इंदूरच्या संशोधन संस्थेतील विनायक गोविंद पानसे यांनी नजरेच्या जागी कापणी आणली. गव्हा-भातापासून वऱ्हाडातील कापसापर्यंत त्यांनी पाहण्या आखल्या. शेते चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक अंकांनी निवडायची, शेतातला तुकडाही तसाच निवडायचा, तो कापून, मळून, वजन करायचे.

तुकडा केवढा असावा, यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याचे महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता; कमी श्रमात जास्त शेते होतात. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष कापणी करून दाखवले की, फार लहान तुकड्यांतून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण गमतीचे आहे. दोरीच्या कडेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात आपोआप ते आत घेतो. तुकडा लहान, तर त्याच्या मानाने कड मोठी. म्हणून ही चूकही मोठी. १९४६ साली 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात त्यांनी हे मांडले. नववीच्या मुलांना परिमिती आणि क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. पानसे आणि सुखात्मे यांचे शेतीतील संख्याशास्त्रावरचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत वापरले गेले.

खुलताबादच्या मंडळात मका कापतात तो याच घराण्यातला प्रयोग. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद यांचे कर्मचारी यादृच्छिक अंकांवरून गट क्रमांक काढतात, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजतात, खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमांत महसूल मंडळासाठी एका पिकाचे किमान दहा प्रयोग सांगितले आहेत. आता शिक्षकांचा प्रश्न पुन्हा घेऊ: दहांवरून किती कळते?

समजा, दहा तुकड्यांवरून मक्याचे हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये असे निघाले: १८, ३१, २२, २७, १५, २४, ३५, २०, २६, २२. आकडे आमचे, हिशेबाला सोपे जावेत म्हणून निवडलेले. बेरीज २४०, सरासरी २४. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग केला तर वर्गांची बेरीज ३२४ येते. तिला दहाने नव्हे, नऊने भागायचे; ३६. वर्गमूळ ६. हे झाले प्रमाण विचलन. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची चूक मिळते, सुमारे १.९. मोठ्या नमुन्याच्या जुन्या गणिताने हिला १.९६ ने गुणले असते. गॉसेटचे कोष्टक दहा नमुन्यांसाठी २.२६ सांगते. गुणाकार सुमारे ४.३. म्हणजे साऱ्या मंडळाची खरी सरासरी १९.७ पासून २८.३ पर्यंत कोठेही असू शकते, आणि असे म्हणताना आपण वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर असू. प्रत्यक्षात आधी गावे, मग शेते अशी पायऱ्यांनी निवड होते, त्यामुळे खरा हिशेब थोडा निराळा असतो. पण अंदाज यायला एवढे पुरे.

आता विमा. त्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्याखाली गेल्यास भरपाई मिळते ते, २५ क्विंटल धरू. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० रुपये धरू. सरासरी २४, म्हणजे तूट चार टक्के, भरपाई १,२०० रुपये. खरी सरासरी २० असेल, तर तूट वीस टक्के, भरपाई ६,००० व्हायला हवी होती. खरी २८ असेल, तर काहीच नाही. दहा तुकड्यांना या तीन शक्यतांत फरक करता येत नाही. प्रयोगात कोणी लबाडी केलेली नाही, दोरी सरळ होती, वजनकाटा खरा होता, तरीही. भरपाईच्या सूत्रात मात्र २४ हा आकडा एकटाच जातो. त्याच्या आजूबाजूचे ४.३ बाहेरच राहतात.

मग मंडळाऐवजी गाव हे एकक करा, अशी मागणी शेतकरी करतात. ती रास्त आहे, कारण घाटावरचे गाव आणि घाटाखालचे गाव यांचा पाऊसच वेगळा. पण गावात चारच तुकडे कापले आणि चढउतार तसाच राहिला, तर सरासरीची चूक ३, कोष्टकातील गुणक ३.१८, आणि मर्यादा दोन्ही बाजूंना साडेनऊ क्विंटल. चूक निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. जवळचे पाहायचे आणि नीटही पाहायचे, तर मोजणाऱ्यांचे हात वाढवावे लागतील. त्याला पैसे लागतात, आणि चूक किती महागात पडते हे तोलूनच ते ठरवायचे असतात. येथे गॉसेट पुन्हा आठवतो.

हॉप्सकडे परतून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. अलीकडे परदेशांत छोट्या कारखान्यांत आणि हौशी लोकांच्या घरी एकाच जातीच्या हॉप्सची बिअर करण्याची चाल आहे. (आपल्याकडे परवान्यावाचून घरी बिअर आंबवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि आमचे वाचक शाळेतले, तेव्हा हे केवळ माहितीसाठी.) माल्ट तेच, यीस्ट तेच, पाणी आणि उकळण्याचा वेळ तोच, बदलतो फक्त हॉप्स. जातींत फरक खूप. बोहेमियातील जाटेत्सचा हॉप्स सौम्य. अमेरिकेत १९७२ साली आलेल्या 'कॅस्केड'ला पपनसाच्या सालीसारखा वास. केंटमधील वाय महाविद्यालयात अर्नेस्ट सामन याने कॅनडाच्या मॅनिटोबातील रानटी हॉप्सच्या वेलापासून रोपे वाढवून १९३४ मध्ये 'ब्रुअर्स गोल्ड' ही जात दिली. तिच्यात राळ भरपूर, पण इंग्रज कारखानदारांनी तिच्या रानटी वासाला नाके मुरडली. आजच्या कितीतरी जास्त राळेच्या जातींच्या वंशावळीत ती आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण प्रयोगवहीत लिहवून घेतोच. एका जातीची बिअर ही त्याची सुबक आवृत्ती वाटते. पण तीत दोन खाचा आहेत. हॉप्सच्या दोन जाती एकत्र आल्यावर काय होते, हे एकेकटीला पाहून कळत नाही. म्हणून फिशर यांचा आग्रह होता की अनेक गोष्टी एकदम, पण आखून बदलाव्यात. दुसरी खाच अधिक खोल आहे. त्याच जातीचे हॉप्स काढणीच्या दिवसाप्रमाणे, वर्षाप्रमाणे, साठवणीप्रमाणे बदलतात. एका पोत्यातून केलेली बिअर त्या पोत्याबद्दल सांगते. ती कितीही वेळा चाखली, चाखणारे शंभर असले, तरी जातीपुरता नमुना एकच राहतो. आल्याच्या व्यापाऱ्याने मोडलेला तो एकच गड्डा.

या सगळ्यावर त्या शिक्षकांशी बोलणे झाले तेव्हा त्यांनी शाळेत हाच प्रयोग आल्याच्या काढ्यावर करायचे ठरवले. दोन शेतांतले आले. प्रत्येक शेताच्या चार कोपऱ्यांतून चार गड्डे, कारण एकावर विसंबायचे नाही. दोन्हींचे दहा-दहा ग्रॅम किसून एक-एक लिटर पाण्यात पाच मिनिटे उकळायचे, गाळायचे, कोमट करायचे. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तीन पेले: दोन सारखे, एक वेगळा, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. वेगळा कोणता ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून बारा विद्यार्थ्यांत चार बरोबर आले तर काही कळले नाही. आठ किंवा अधिक बरोबर आले, तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात दोनांहून कमी.

त्यांच्या वर्गात बारापैकी सात बरोबर आले. तेवढे किंवा त्याहून अधिक योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात साडेसहाच्या आसपास. मुलांत लगेच दोन तट पडले: एक म्हणे फरक आहे, दुसरा म्हणे सिद्ध झालेले नाही. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, दोन्ही आल्यांच्या भावात फरक किती आहे?"

सरांनी तो विचारून यायला तिलाच बाजारात पाठवले आहे.